गंज

"गंज कुठे गेला?" दिग्दर्शक ओरडला.

बंद कारखान्यात सगळे चिडीचूप झाले. बेकारीवरचं एक गाणं सध्या गल्लोगल्ली वाजत होतं. रिक्षात, सलूनमध्ये, अगदी वाढदिवसालासुद्धा लोक त्यावर नाचत होते. आज त्याचं शूटिंग होतं. कारखानाभर फिरून दिग्दर्शकानं नेमकं हेच लेथ मशीन निवडलं होतं, गंजून लालभडक झालेलं. आणि आता ते लख्ख चमकत होतं.

टर्नरकाकांनी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. याच मशीनवर त्यांची हयात गेली होती. कारखाना बंद पडल्यापासून आज पहिल्यांदा त्यांना कुणी बोलावलं होतं, तेही मशीनशेजारी नुसतं उभं राहायला. एका दिवसाचा रोज मिळणार होता. वॉचमन ओळखीचा, म्हणून काका रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन उजाडताच आत आले. मशीन पुसून, तेल देऊन मगच पाळी सुरू करायची, ही त्यांची शिस्त. जित्याची खोड, दुसरं काय!

"चुकलं साहेब," त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "पण घरी पाठवू नका."

"तुम्हाला पाठवून गंज परत येणार आहे का?" दिग्दर्शक डोकं धरून खाली बसला.

शेवटी एक मुलगी तपकिरी रंग आणि ब्रश घेऊन आली. काका बराच वेळ बघत राहिले.

"बाळ, तेवढं चाकाला नको लावूस. जाम होईल."

"काका, आता हे कोण चालवणार आहे?"

चाकालाही रंग लागला.

गाणं सुरू झालं. काकांचा हात आपसूक हँडलवर गेला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र दिग्दर्शक वैतागला.

"काका, हात खाली. मान खाली. तुम्ही बेकार आहात. बेकारासारखे उभे राहा ना!"

काकांनी हात खाली घेतला. मान काही झुकेना.

"हिनं डबा दिलाय, साहेब," ते दमल्या आवाजात म्हणाले. "शेजारणीला सांगत होती, हे कामावर चाललेत म्हणून. उद्यापासून राहीन की तसा उभा. आज कसं जमेल?"