मुठीएवढं ढेकूळ

हिवरखेडच्या आमच्या वावरामागे नाला आहे. त्याच्या दरडीत दिवसा एक घुबड बसतं आणि माझा नवरा पियुष दर रविवारी त्याचे फोटो काढतो. घुबड डोळे मिटून बसायचं. पियुषला उघडे डोळे हवे होते.

"आचल, एक ढेकूळ मार त्याले. माह्या हातात कॅमेरा हाय."

"घुबडाले ढेकूळ मारत नाई. ते उचलून नेते अन् पाण्यात भिजवते. ढेकूळ विरघळते तसा मारणारा झिजते, असं माय सांगे."

"कायले शिकली मंग तू एवढी?"

मी मारलं. काळ्या मातीचं, मुठीएवढं. घुबडाने डोळे उघडले आणि पियुषला हवा तसा फोटो मिळाला.

फोटोत ढेकूळ घुबडाच्या पंजात होतं. ओलं होतं. नाला तर दिवाळीपासून कोरडा पडलेला.

पुढच्या रविवारच्या फोटोत ते लिंबाएवढं दिसलं. मग बोराएवढं. हात वर केला की माझ्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरू लागल्या. अकोल्याच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही.

काल पियुषने नवा फोटो मोठा करून दाखवला. पंजात ज्वारीच्या दाण्याएवढी माती उरली होती.

"तुमी आता तिथं जाऊ नोका," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दाण्यावर बोट ठेवून म्हणाला, "या मातीनंच सारे फोटो खराब केले. येत्या रविवारी पंजे साफ दिसतीन."