घंटीची दुरुस्ती

लेकीच्या लहानपणीची, चकती, मणी आणि घंटी असलेली खेळण्याची लाकडी फळी आजीने घासूनपुसून रंगवली. पण सकाळपासून तिचा जीव घंटीतच अडकला होता. हाक मारली तरी नात वळून बघत नव्हती. उद्या तिचे कान तपासायचे होते. आजीने तिच्या पाठीमागे बसून घंटी वाजवली. नात चमच्याशी खेळतच राहिली. “गंज राहिलाय मेला,” पुटपुटत तिने लोलक घासला, तेल सोडलं, पुन्हा वाजवली. “अगं, शेजारचे भांडायला येतील आता!” आजोबा आतून ओरडले. लेक या वयाची असताना हीच घंटी ऐकून गर्रकन मान वळवायची, खेळ टाकून रांगत यायची. आजीने स्क्रू आवळला. “पितळ जुनं झालंय, आवाज बसलाय त्याचा. नवीन घंटी आणते,” म्हणत ती उठली. दारातल्या लेकीने तिचा हात धरला. “आई, घंटी केव्हाच नीट झालीय.”