बाहेरचे परीक्षक

ऊसतोड कामगारांच्या हाकांवर पीएचडी करायची, हे जयाचं पक्कं होतं. कारखान्याच्या रस्त्यावर चहा पिता पिता ती मार्गदर्शक कडलग सरांना प्रबंधाचा आराखडा सांगत सुटली होती. नकाशे, फोटो आणि एक अख्खं प्रकरण नुसत्या आवाजांचं!

"बाहेरचे परीक्षक विचारतील, हा आवाज अस्सल कशावरून?" सर म्हणाले.

"ऐका तर खरं, सर!" तिने मोबाईलचा आवाज पुरता वाढवला. बैलांना थांबवताना तिचे वडील देतात ती हाक रस्ताभर घुमली, "होऽऽ! होऽऽ!"

समोरून चाललेली उसाची बैलगाडी जागच्या जागी थांबली. सर चहा विसरून उभेच राहिले.

गाडीवरून जयाचे वडील बैलांवर खेकसले, "आरं, थांबलात कशाला? म्या तर तोंडबी उघडलं न्हाई!"