डकीचं सरकारी नाव

"आज कारण कळल्याशिवाय मी या बाकावरून उठायची नाही," मिस व्हर्निस म्हणाली आणि मांडीवरची पिशवी तिने घट्ट धरली. दवाखान्यातल्या त्या बाकावर शेजारी तिचा माणूस डकी बसला होता, एक हात जांघेवर दाबून. हर्निया फुगला की तो असाच बसायचा. गाठ कडक झाली आणि आत गेली नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरने सुरुवातीलाच बजावलं होतं. तेव्हापासून डकी खोकायला भ्यायचा, आणि तो खोकला की व्हर्निस भ्यायची.

ईस्टरच्या आधी ऑपरेशन ठरलं होतं. डकी उपाशी, अंगात दवाखान्याचा झगा, स्ट्रेचरवर आडवा. मग कोणीतरी येऊन म्हणालं, "आज नाही होणार. घरी जा, आम्ही फोन करू." का नाही, ते सांगायला कोणी थांबलं नाही. फोन काही आला नाही. आंब्यांचा हंगाम आला आणि गेला. मध्ये एकदा दोघं विचारायला आली, तर खिडकीतल्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "यादीत नाव नाही दिसत. फोनची वाट बघा."

व्हर्निसला राग आला होताच, पण रागाहून कुतूहल मोठं होतं. असं झालं तरी काय असेल? बाकावर उंटावरच्या शहाण्यांना तोटा नव्हता. एक म्हातारा म्हणाला, ऑपरेशनच्या खोलीतला एसी बंद पडलाय. एक बाई म्हणाली, भूल देणारा डॉक्टर कॅनडाला गेला, आणि नवा आलाय तोही कॅनडाच्याच वाटेकडे डोळे लावून बसलाय. व्हर्निसने सगळं ऐकून घेतलं आणि कशावरच विश्वास ठेवला नाही.

"एसी बिघडला म्हणून माणसाचं नाव कसं जाईल रे?" ती डकीला म्हणाली.

"माझी चाल बघितली असेल त्यांनी. बदकांची ऑपरेशनं इथे करत नसतील."

"गप बस. हसलास की गाठ वर येते तुझी."

लहानपणापासून तो बदकासारखा डुलत चालायचा, म्हणून डकी. जमैकाच्या डोंगरात प्रत्येकाला दोन नावं असतात, एक माणसांचं आणि एक सरकारचं. सरकारी नाव बाप्तिस्म्याला लागतं आणि मयताला लागतं. मधल्या काळात ते विचारत कोणी दारात आला, तर तो पोलीस, नाहीतर कोर्टाचा माणूस. व्हर्निसच्या बापाला न्यायला असेच आले होते. सगळ्या वस्तीने एका सुरात सांगितलं, असा कोणी इथे राहत नाही. बाप तेव्हा केळीच्या बागेत पालथा पडून होता. व्हर्निस हे शहाणपण घेऊनच मोठी झाली.

दुपारी नर्स ग्रँटन बाहेर आली. मऊ आवाजाची, दमलेली बाई. वयस्क बायकांना ती मम्मीच म्हणायची. "कोणासाठी बसलात, मम्मी?"

"माझ्या माणसासाठी. रात्रीपासून उपाशी ठेवलाय त्याला. चुकून जागा निघाली तर तयार असावा."

"पूर्ण नाव सांगा त्यांचं."

व्हर्निसने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी लागून हळूच सांगितलं, "क्लीव्हलंड ऑब्री डकॉस्टा."

नर्स चमकली. तिने डकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण हे तर वारले ना?"

"कधी?" डकीने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"अहो, मी स्वतः फोन केला होता. एक बाई म्हणाल्या, असा कोणी इथे राहत नाही. मग एक जागा रिकामी झाली म्हणून मी पुन्हा केला. तर म्हणाल्या, मेला तो, पुरला त्याला, आता फोन करू नको."

"खोटं!" व्हर्निस कडाडली. सगळा हॉल वळून पाहू लागला. "दवाखान्यातून आम्हाला एकही फोन आला नाही. बायबलवर हात ठेवून सांगते!"

"दवाखान्यातून बोलतेय असं आम्ही सांगत नाही, मम्मी. कोणाला काय आजार आहे, ते त्याच्याशिवाय कोणाला कळू द्यायचं नाही. तसा नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! भलताच नंबर फिरवून माझा माणूस मारलात तुम्ही!"

नर्सने वाद घातला नाही. ती आत गेली, डकीची फाइल घेऊन खिडकीतल्या फोनपाशी आली आणि त्यावरचे आकडे दाबू लागली.

व्हर्निसच्या पिशवीत, तळलेल्या डंपलिंगच्या डब्याखाली, फोन वाजला. पडद्यावर नंबर नव्हता, नुसतं 'खासगी' लिहिलेलं. असले फोन ती चांगली ओळखून होती. तिने तो सावकाश कानाला लावला.

काचेपलीकडून नर्स तिच्याकडेच पाहत होती. "क्लीव्हलंड ऑब्री डकॉस्टा आहेत का?" ती म्हणाली, त्याच मऊ, सावध आवाजात.

व्हर्निसने आवाज ओळखला. त्या दोन फोनवरचाच होता. केवढ्या हुशारीने तिने स्वतः डकीला सरकारच्या तावडीतून वाचवलं होतं, दोन वेळा! आणि डकी जांघ धरून तिच्याकडे पाहत होता. रागाने नाही, फोनवर कोण आहे याच्या कुतूहलाने.

मिस व्हर्निस बाकावरून उठली.

"आहेत," ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने फोनमध्ये म्हणाली. "इथेच आहेत. जिवंत आहेत. रात्रीपासून उपाशी आहेत."