दूधखोली

"हे आपल्याच माणसांच्या लेकराला जाईल ना?" फौजदारिणीने बाटली पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

दूधखोलीतल्या सिस्टरने घ्यायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

गल्लीत सगळे तिला फौजदारीण म्हणत. नवरा काही फौजदार नव्हता, गवंडी होता बिचारा. फौजदारी होती ती हिच्या जिभेवर.

कालच तिच्या नातवाला माती दिली होती. दिवस भरायच्या आधीच आलेला, ओंजळीत मावेल एवढा जीव. काचेच्या पेटीत थोडे दिवस झुंजला आणि गेला. वरच्या मजल्यावर सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. लेकरू गेलं, पण ते दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं येतच होतं. सकाळी सुनेने ते बाटलीत काढलं आणि एवढंच म्हणाली, "आई, खाली देऊन या. तिथे कमी पडतंय."

खोली हातभर. एक बाक, एक मोरी, एक फ्रिज आणि टेबलावर झाकणाचं मोठं स्टीलचं भांडं. बाकावर नदीपलीकडची एक बाई छातीला पंप लावून बसली होती. तिने सरकून जागा केली. फौजदारीण उभीच राहिली. त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसावं, एवढे काही तिचे गुडघे दुखत नव्हते.

त्याच लोकांच्या तोफेने तिचा एकुलता एक मुलगा पुलावर मारला होता. पुढे लढाई थांबली. पलीकडे घर म्हणून काही उरलं नाही, तेव्हा तीच माणसं गाठोडी घेऊन त्याच पुलावरून इकडे आली. आता छावणीत राहत होती आणि त्यांच्या बायका याच दवाखान्यात बाळंत होत होत्या.

मुलगा शाळेत मास्तर होता. माशाचा बेडूक कसा झाला, माकडाचा माणूस कसा झाला, असलं काहीबाही शिकवायचा. जेवतानाही घास हातात धरून बोलत बसायचा. "आई, शेपटी गळली म्हणून माणूस झाला नाही गं. दुसऱ्याचं पोर सांभाळलं, तेव्हा झाला. आधी टोळीपुरतं बघायचा, मग गावापुरतं, मग देशापुरतं. आता एकच पायरी राहिलीय. सगळी दुनिया आपली म्हणायची."

"दुनिया नंतर. आधी ताटातलं संपव," ती म्हणायची.

मग एके दिवशी शाळेतून घरी येताना त्या दुनियेने त्याला पुलावर गाठलं. पोटातल्या पोराचं तोंडही त्याने पाहिलं नाही.

सिस्टर आता आधीच्या बाटल्या त्या भांड्यात ओतत होती. बाकावरच्या बाईचीही ओतली.

"अगं, सगळ्यांचं एकत्र?"

"हो मावशी. एकीचं दाट असतं, एकीचं पातळ. मिसळलं की सगळ्या लेकरांना सारखं पडतं. मग तापवायचं आणि बाटल्या भरायच्या."

"मग कुणाचं कुणाला गेलं, ते कळायचं कसं?"

"नाही कळत."

"भाजीवालीसुद्धा सडका टोमॅटो वेगळा काढते गं! तुम्ही एवढ्या शिकलेल्या!"

"इथे सडकं येत नाही, मावशी. प्रत्येकीचं रक्त तपासूनच घेतो." सिस्टरने भांड्यात वाकून पाहिलं. "आत एक पोर आहे, आईवेगळं. भुकेने आता रडतही नाही. द्या ती बाटली."

"कुणाचं पोर?"

सिस्टरची नजर बाकावरच्या बाईकडे गेली. उत्तर कळायला फौजदारिणीला तेवढं पुरलं.

"माझ्या लेकाच्या लेकराचं दूध आहे हे," ती म्हणाली. "त्याच्या बापाला ज्यांनी मारलं, त्यांच्या पोरांच्या घशात ओतू? त्यापेक्षा मोरीत गेलेलं काय वाईट?"

आणि तिने बाटली मोरीवर कलती केली. पांढरी धार खाली सुटली. बाकावरच्या बाईला शब्द कळले नाहीत, पण ती धार कळली. ती ताडकन उठली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"मावशी," सिस्टर म्हणाली, "तुमच्या सुनेला आधी दूध नव्हतंच. परवा कुठे यायला लागलं."

बाटली सरळ झाली.

"खोटं. मी रोज विचारायचे. बाळ पितोय, म्हणायची."

"पीतच होता. या भांड्यातलं. तेव्हा गावात तापाची साथ होती, छावणीत नव्हती. आपल्या बायकांचं दूध आम्ही घेतच नव्हतो. छावणीतल्या तेवढ्या यायच्या." तिने बाकाकडे मान केली. "या तर रोज. तुमच्या सुनेला सगळं ठाऊक होतं. तुमच्या जिभेला भिऊन 'आईंना सांगू नका' म्हणाली."

फौजदारीण टेबलापाशी गेली. उरलेलं दूध तिने स्वतःच्या हाताने भांड्यात ओतलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरून उभी राहिली.

मग ती त्या बाईकडे वळली. तिला आपली भाषा येत नाही, हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"पोट भरायचं का गं," तिने विचारलं, "माझ्या बाळाचं?"