नाकमिस्त्रीचं निदान

गाडी तिसऱ्यांदा आली ती ढकलतच. गॅरेजच्या फाटकाशी बंद पडली, आणि मिस्त्रीने मागून जोर लावला तेव्हा कुठे आत आली. गाडीचा मालक स्टिअरिंग धरून बाजूने चालत होता. पंधरा दिवसांत त्याची दाढी वाढली होती.

"आई गेली, मिस्त्री," तो म्हणाला. "दवाखान्यात नेताना. ही गाडी वाटेत बंद पडली. पाऊण तास रस्त्यावर होतो आम्ही."

मिस्त्रीने खाली वाकून चाकाला वीट लावली.

"भांडायला नाही आलो. पण काय बिघडलंय ते मला कळलंच पाहिजे. त्याशिवाय मला झोप नाही."

एवढं बोलून तो फाटकाजवळच्या टायरांच्या चळतीवर पाठ करून बसला.

मिस्त्रीला सगळे नाकमिस्त्री म्हणत. गाडी कुठलीही असो, बॉनेटला हात लावायच्या आधी तो टाकीचं झाकण उघडून पेट्रोलचा वास घ्यायचा, डॉक्टर आधी जीभ बघतो तसा. झाकण मग काम संपेपर्यंत टपावर पडून असायचं. भेसळ त्याचं नाक बरोबर पकडी, आणि या नाकाचा त्याला भारी तोरा होता. ही गाडीही त्याने दोनदा अशीच हुंगली होती. दोन्ही वेळा पेट्रोल चोख आणि पेट्रोलचा दाबही चोख. तासभर इंजिन चालू ठेवलं तरी गेजचा काटा जागचा हलला नाही. पहिल्यांदा त्याने फिल्टर बदलला, दुसऱ्यांदा अख्खा पंप. "आता बिनघोर जा," असं वर तोंड करून सांगितलंही होतं.

आज मात्र लाज एवढी वाटत होती की वासबिस न घेता त्याने थेट बॉनेट उघडलं, गेज जोडला आणि चावी फिरवली. इंजिन धापा टाकत कसंबसं सुरू झालं. काटा निम्म्यावर लोळत होता. तीन खेपांत पहिल्यांदाच दोष डोळ्यांसमोर आला, आणि मेल्याला क्षणभर आनंदच झाला.

मग सवयीने हात टाकीकडे गेला. झाकण सैल करताच टाकीने सूं करून लांबलचक हवा ओढून घेतली. इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे सुधारला. तो पुढे येऊन बघतो तर काटा आपल्या जागी ताठ.

त्याने इंजिन बंद केलं आणि झाकण काढून पाहिलं. झाकणातलं हवा आत यायचं बारीक भोक चिखलाने बुजलं होतं. पेट्रोल कमी होत जाई तशी त्याच्या जागी हवा यायला वाटच नाही. मग बिचाऱ्या पंपाने ओढायचं तरी काय? आणि दर वेळी तपासणीआधी झाकण उघडून त्याने स्वतःच्या हाताने दोष पळवून लावला होता. ते सूं त्याने दोन्ही वेळा ऐकलं होतं. लक्ष सगळं वासाकडे.

टाचणीने भोक मोकळं करायला अर्धं मिनिट लागलं. रस्त्यावर तर तेवढंही लागलं नसतं. नुसतं झाकण उघडायचं, परत लावायचं आणि निघायचं.

"सापडलं?" मालक मागे येऊन उभा होता.

"सापडलं."

"मला तिथे काही करता आलं असतं का?"

मिस्त्रीने झाकण घट्ट लावलं. "नाही. आतल्या पाइपात कचरा अडकला होता. तुम्हाला काय, मलाही रस्त्यावर जमलं नसतं." आपण कुणाला वाचवतोय, याला की स्वतःला, हे त्याचं त्यालाच कळेना.

मालक मटकन खाली बसला. "सुटलो बघा. आई सारखी म्हणत होती, टाकी उघडून बघ रे, पेट्रोल आहे का. मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसतोय ना, गप्प बस जरा. ती गप्प बसली ती बसलीच." त्याने मिस्त्रीचा हात धरला. "म्हणजे उघडूनही उपयोग नव्हता ना?"

"नव्हता," मिस्त्री म्हणाला.

मालक गाडीत जाऊन बसला. शेजारची सीट अजून आडवी पाडलेलीच होती. त्याने खटका ओढून ती सरळ केली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.