गेरूचे ठिपके

कोळवणला बंगल्याचा पाया खणताना शेजारच्या जुन्या आंब्याची निम्मी मुळं तुटली. झाड जगतंय का, हे बघून अहवाल द्यायला मी दर महिन्याला जाते. नखानं साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं, तर झाड जिवंत. तीच जागा पुन्हा खरवडली जाऊ नये, म्हणून शेजारी गेरूचा ठिपका द्यायचा.

झाड मेलं असं मी अहवालात कधी लिहिते आणि ते कधी तोडता येतं, यावर बंगल्याचे मालक टपलेलेच होते. म्हणून त्यांच्या वॉचमनवर, किसनवर, माझी नजर होती. मुळांशी पाला घालायला, पाणी द्यायला मी त्यालाच सांगितलं होतं. पण चौथ्या खेपेला त्याच्या बाहीवर गेरूचा डाग दिसला. भर उन्हात त्यानं बाह्या मनगटापर्यंत घट्ट लावल्या होत्या.

"माझ्या खुणांना हात लावलास ना?" मी दरडावलं.

"न्हाई म्याडम. झाड जित्तं हाय का, ते तुमी नखानंच बघता व्हय?"

"हो. मग?"

त्यानं बाही वर सारली. हातावर नखाचे चार ओरखडे होते, तीन जुने, एक ताजा. प्रत्येकाशेजारी गेरूचा ठिपका.

"मग मला कोन बघतंय?"

मी पिशवीत हात घातला. गेरूची डबी जागेवर होती, झाकण घट्ट.

किसन माझ्या मनगटाकडे बघत होता. तिथं, घड्याळाच्या पट्ट्याखाली, सकाळपासून चुरचुरत होतं.